पक्की शिकार

जयपुरात डोंगरात घालण्याजोगा बूट मिळत नाही, असे म्हणणारा माणूस आळशी असतो. मिळतो. त्यासाठी दुकाने पालथी घालावी लागतात आणि शेवटच्या दुकानदाराशी भांडावे लागते. मी भांडलो.

दुकान मुरलीपुऱ्यात, सीकर रोडला लागून. फौजेतून निघालेला माल आणि फौजेने नाकारलेला माल तिथे एकाच ढिगात असतो, आणि कोणता कुठला हे दुकानदार सांगत नाही. मी बूट घातला, नाडी आवळली आणि दुकानाच्या पायरीवर उतारावर उभे राहिल्यासारखा पुढे झुकलो. अंगठा टेकला. बूट चढताना टाचेला लागतो आणि उतरताना अंगठ्याला. टाच सोललेला माणूस लंगडत का होईना घरी येतो. अंगठ्याचे नख गेलेल्याला दुसऱ्यांनी आणावे लागते. मी एक नंबर मोठा मागितला.

‘‘बाऊजी, इस उमर में पहाड़ चढ़ोगे?’’ दुकानदार म्हणाला.

मी जाकीट मागितले. त्याने पुढे केलेल्या जाकिटाची बाही कानाशी धरून बाहीवर घासली आणि जाकीट परत केले. ‘‘ये बोलता है,’’ मी म्हणालो.

‘‘जैकेट बोलता है?’’ त्याने नोकराकडे पाहून डोळे मिचकावले.

नायलॉन नायलॉनवर घासले की वाळक्या पानांतून कोणी चालल्यासारखा आवाज येतो. माणसाला तो ऐकू येत नाही. सांबराला येतो. हे त्या माणसाला समजावण्यात अर्थ नव्हता. मी बूट घेतला, जाकीट तिथेच ठेवले आणि घरी येऊन जुना लोकरी कोट पेटीतून काढला. लोकर बोलत नाही. भिजली तरी अंगाला ऊब देते. सुती कपडा थंडीत भिजला की वैरी होतो, हे रजया विकणाऱ्या या शहराला कधी कळायचे नाही.

माझी सत्तरी उलटली आहे. मी रेल्वेत होतो. बदलीने जयपुरात आलो आणि निवृत्तीनंतर खातीपुऱ्यातच राहिलो. पत्नी आता नाही. एकच मुलगा. तो इथे जन्मला, इथेच हिंदी शाळेत शिकला आणि गेली कित्येक वर्षे अमेरिकेत, पश्चिमेच्या डोंगराळ भागात असतो. तिथे तो शिकारीला लागला. एल्क नावाचे हरीण आहे. आपल्या सांबराचे थोरले भावंड म्हणावे असे. परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ते कायद्याने मारता येते. या वर्षी त्याने मला बरोबर बोलावले. मी फोनवरच हो म्हणालो. इतक्या लवकर मी कशालाच हो म्हणत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो दचकला असावा.

कारण साधे होते. माझे वडील मेळघाटातल्या एका लहानशा स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. तेव्हा वनखात्याचा परवाना मिळे. थंडीत, उजाडण्याच्या सुमारास, मी त्यांच्या मागून डोंगर चढत असे. बोलायचे नाही, खोकायचे नाही, ते थांबले की थांबायचे. बहुतेक वेळा आम्ही रिकामे परत येत असू. पुढे कायदा आला. कायदा बरोबर होता. जंगलात सांबर उरले नव्हते आणि ते संपवणाऱ्यांत आमच्यासारखे परवानेवालेही होते. वडिलांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. त्यानंतर या देशात मी एकाही जनावरावर नेम धरलेला नाही, आणि जे चोरून धरतात त्यांच्याबद्दल मला फक्त तिरस्कार आहे. पण वडिलांच्या मागून चढायचा तो डोंगर मी विसरलो नाही. तसा एक डोंगर मला मुलाबरोबर चढायचा होता. गोळी सुटो, न सुटो. ही गोष्ट मी त्याला बोलून दाखवली नाही. बोलून दाखवण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

तयारी मी माझ्या परीने सुरू केली. त्याने त्याच्या परीने केली, म्हणजे खोकी पाठवली.

पहिल्या खोक्यात पाने छापलेला पोशाख निघाला. पाने अशा झाडाची, की जे त्या उंचीवर उगवत नाही; चित्रे मी पाहिली होती, तिथे सूचिपर्णी वृक्ष असतात. दुसऱ्यात अंगाचा वास मारणारा फवारा होता. मी तो न्हाणीघरात एकदा मारून पाहिला. माणसाचा वास गेला नाही, फवाऱ्याचा वास वाढला. वास मरत नसतो. वारा कुठून कुठे जातो ते पाहून आपण जागा बदलायची असते. वडिलांच्या खिशात गोवरीच्या चाळलेल्या राखेची पुरचुंडी असे. बोटाने टिचकी मारली की राखेचा धूर कोणत्या अंगाला झुकतो ते दिसे. त्यासाठी बॅटरी लागत नसे. तिसऱ्या खोक्यात मात्र बॅटरीवर चालणारा भोंगा निघाला. बटण दाबले की त्यातून नर एल्कची आरोळी येई. मी गच्चीवर दाबून पाहिला. शेजारच्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘भैया, तबियत तो ठीक है?’’

दोन दुर्बिणी आल्या होत्या, त्यांतली एक चांगली होती. कोणती, हे पाहायला मी संध्याकाळ होऊ दिली. जनावर उन्हात उभे राहत नाही. ते झाडीतून बाहेर पडते तेव्हा उजेड संपत आलेला असतो. मी दोन्ही दुर्बिणींतून पाण्याच्या टाकीवरची लोखंडी शिडी पाहत बसलो. जी दुर्बीण शिडी जास्त मोठी दाखवत होती तिच्यात ती आधी काळी झाली. दुसरीत पायऱ्या मोजता येत होत्या, कितीतरी वेळ. मुलाने पहिली स्वतःसाठी घेतली होती आणि दुसरी, साधी म्हणून, मला. मी फोनवर सांगितले की ठेवायची कोणती ते कळायला डोळे लागतात, जाहिरात नव्हे. तो म्हणाला, ‘‘ओके, बाबा.’’ तो ‘ओके’ म्हणतो तेव्हा त्याने ऐकलेले नसते.

जागेविषयी त्याने फोनवर एवढेच सांगितले होते: ‘‘त्यांचा मोठा वाडा आहे, बाबा. हजारो एकरचा. राहणं-खाणं सगळं तिथेच.’’ मी समजलो, वाडा मालकाचा, एकर जमिनीचे आणि डोंगर त्यापलीकडे. त्याची मराठी तोकडी आहे. मधले दुवे ऐकणाऱ्याने जोडून घ्यायचे असतात. मी जोडून घेतले.

हंगामाच्या आधी काही दिवस तो जयपुरात आला. मला घेऊनच परत जायचे, असे ठरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. मी त्याला तो प्रश्न विचारला, जो सामान घेण्याआधीच विचारला पाहिजे आणि कोणी विचारत नाही.

‘‘जनावर पडल्यावर खाली कसं आणायचं? तरण्या बैलाएवढं असतं म्हणतोस. ओझं बांधून आणायच्या पाठीवरच्या सांगाड्याचं काय केलंस? मांस बांधायला कापडी पिशव्या?’’

‘‘त्याची गरज नाही, बाबा. ते लोक गाडी घेऊन येतात.’’

‘‘डोंगरावर गाडी?’’

‘‘रोड आहे ना. वाड्यात सगळीकडे रोड आहे.’’

‘‘वाड्यात?’’

‘‘मतलब, वाड्याच्या आत.’’

‘‘वाड्याच्या आत सांबर काय करतंय?’’

‘‘तिथेच राहतात ते.’’ तो माझ्याकडे, म्हाताऱ्याकडे पाहतात तसे पाहू लागला. ‘‘बाबा, वाडा. तारांचा. उंच असतो, मतलब त्यांनी उडी मारून बाहेर जाऊ नये.’’

मग मला कळले. त्याला हिंदीतला बाड़ा म्हणायचे होते. लहानपणी त्याच्या आईने त्याला शिकवले होते की हिंदीतल्या ‘ब’च्या जागी मराठीत पुष्कळदा ‘व’ येतो: बीस-वीस, बाघ-वाघ, बिजली-वीज. त्या नियमाने त्याने बाड़्याचा वाडा केला. नियम चुकलाही नव्हता. धनगर मेंढ्या बसवतो त्यालाही आपण वाडाच म्हणतो. मी मात्र इतके महिने त्या शब्दात मालकाचा दिवाणखाना पाहत होतो.

‘‘त्याला कुंपण म्हणतात,’’ मी म्हणालो. ‘‘आणि आत जनावर कोंडलं की कोंडवाडा.’’

‘‘तेच ते.’’

‘‘तेच ते नाही.’’

त्याने फोन काढला. मला राजी करण्याचा तो उपाय आहे, असे त्याला वाटले असावे. पडद्यावर एक एल्क उभा होता. शिंगे मोठी. मागे गवत कापलेले. कानात पिवळा बिल्ला.

‘‘हा आपला,’’ तो म्हणाला. ‘‘शिंगांच्या मापावरून आधीच ठरवायचं असतं. गोळी तुम्ही झाडायची.’’

‘‘नाव काय याचं?’’

‘‘नाव नसतं, बाबा. नंबर असतो.’’

‘‘मग मला कशाला नेतोस? इथूनच फोन कर. अमुक नंबर कापा म्हणावं.’’

‘‘तुम्ही समजत नाही. पक्की शिकार आहे ही. एकदम पक्की. खाली हात परत येणार नाही.’’

‘‘पक्की शिकार मटणाच्या दुकानात मिळते. तो माणूस अंगावर पानं छापून उभा राहत नाही, एवढा तरी प्रामाणिक आहे.’’

मी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. म्हणालो की जनावराला पळून जायला जागा ठेवायची नसेल तर बूट कशाला, दुर्बीण कशाला, वाऱ्याची चौकशी कशाला? पलंगावर पडून मारावे. म्हणालो की आजोबा रिकाम्या हाताने घरी येत तेव्हा चपला काढून शांतपणे जेवायला बसत, त्यांची मान खाली गेलेली कोणी पाहिली नाही. आणि हा शिकला-सवरलेला माणूस जनावराच्या कानात बिल्ला पाहूनही लाजत नाही. आणखीही बोललो. त्यातले काही इथे लिहिण्यासारखे नाही.

त्याने ऐकून घेतले. मग त्याचाही तोल गेला. तो माझाच मुलगा आहे.

‘‘तुम्हाला काय वाटतं, मी उघड्या डोंगरावर जात नाही? दरवर्षी जातो. दरवर्षी खाली हात येतो. मला नको होता हा वाडा. हे तुमच्यासाठी घेतलं. तुमचे गुडघे बघा. खुर्चीतून उठता तेव्हा दोन्ही हात लावता. त्या डोंगरावर तुम्ही एक तास चालू शकणार नाही, बाबा. मग मी काय करायचं होतं?’’

मी उठलो. उठताना हात लावावे लागले. त्याने ते पाहिले आणि मान फिरवली. त्याच्या मान फिरवण्याचा मला आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त राग आला.

‘‘उद्या सकाळी नाहरगड,’’ मी म्हणालो. ‘‘मोटारीच्या रस्त्याने नाही. जुन्या शहराकडून फरसबंदी वाट जाते, तिने. वरच्या दरवाजापर्यंत न बसता चढलो तर तू उघड्या डोंगराचं ठरवायचं.’’

‘‘आणि नाही चढलात तर?’’

‘‘तर मी येणार नाही. पण कुंपणात तूही जाणार नाहीस.’’

‘‘ही काय शर्त झाली? दोन्हीकडून तुम्हीच जिंकता.’’

‘‘एकीकडून मी हरतो,’’ मी म्हणालो.

नाहरगडाची ती वाट नागमोडी आहे. दगड रुंद, झिजलेले, उतरत्या अंगाला गुळगुळीत. आम्ही निघालो तेव्हा खाली शहर नुकते जागे होत होते. मंदिराच्या लाऊडस्पीकरवर कोणीतरी घसा साफ करत होता. कठड्यावर माकडे ओळीने बसली होती. मी पुढे, तो मागे. मी मुद्दामच पुढे झालो होतो. मला त्याचा चेहरा पाहायचा नव्हता, आणि माझा त्याला दिसायला नको होता.

पहिले वळण ठीक गेले. श्वास ठीक होता. मी गेले कित्येक आठवडे रोज खातीपुरा स्टेशनापर्यंत त्याच बुटांत चालत होतो. पण स्टेशनाचा रस्ता सपाट आहे. दुसऱ्या वळणापाशी उजव्या गुडघ्यात कुणी खिळा ठोकावा तसे झाले. मी पाय तिरका टाकत चढू लागलो. वरून व्यायामाला आलेला एक गृहस्थ उतरत होता, पांढरे बूट, गळ्यात टॉवेल. तो थांबून म्हणाला, ‘‘अंकलजी, आराम से. कोई जल्दी थोड़े ही है.’’

‘‘आपको होगी. आप चलिए,’’ मी म्हणालो.

मागून मुलाचे हसणे ऐकू आले. एकदाच. मला त्याचे वाईट वाटले नाही.

तिसऱ्या वळणाला गुडघा वाकेना. मी उभा राहिलो. अट न बसण्याची होती, न थांबण्याची नव्हती. मी उभाच राहिलो, बराच वेळ, कठड्याला हात न लावता. मग पाऊल उचलले आणि ते पुढे न पडता आडवे पडले, आणि मी कठड्यावर बसलो. बसलो म्हणजे बसलो. त्याला दुसरे नाव देता येत नाही.

तो माझ्या शेजारी बसला नाही. उभा राहून शहराकडे पाहत राहिला. ते त्याने बरोबर केले.

‘‘पाणी?’’

‘‘नको.’’

तो म्हणाला, ‘‘इथे काहीच उंची नाही, बाबा. तिथे हवापण पातळ असते.’’

‘‘विरळ,’’ मी म्हणालो. ‘‘हवा विरळ असते.’’

‘‘विरळ.’’

‘‘बरोबर आहे तुझं.’’

‘‘गाडी बोलवू? वरून रोडने येईल.’’

‘‘गाडी मेलेल्या जनावरासाठी असते. मला उतरता येतं.’’

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्याने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. बुटाबद्दल माझी तक्रार नाही. अंगठा एकदाही टेकला नाही. सामान चांगले निवडले होते. गुडघा दुकानात मिळत नाही.

आम्ही घरी आलो. कुंपणवाल्यांना त्याने माझ्यासमोर नकार कळवला. मग मी त्याला जे सांगायचे ते सांगितले, त्याच्या बॅगेसमोर खुर्ची टाकून. भोंगा बाहेर काढला. फवारा बाहेर काढला. पाने छापलेला पोशाख त्याने स्वतःच काढला, माझ्याकडे न पाहता. मोठे दाखवणारी दुर्बीणही काढली आणि दुसरी आत गेली. मी म्हणालो की रस्त्यापासून जिथवर आळशी माणूस जातो, तिथून तुझी शिकार सुरू होते. त्याआधीची जागा जनावरांना तुझ्याहून चांगली पाठ असते. दरवर्षी डोंगर बदलतोस म्हणून रिकामा येतोस. एक डोंगर धर. पाणी कुठे, दुपारची सावली कुठे, सकाळचा वारा कुठून, हे एका डोंगराचे कळायला काही वर्षे जातात, आणि ती वर्षे म्हणजेच शिकार. पाठीवरचा सांगाडा मजबूत घे. जे पाठीवर आणता येणार नाही, ते मारू नकोस. जखमी केलेस तर रात्र झाली तरी सोडू नकोस.

या वेळी तो ‘ओके’ म्हणाला नाही. दोन-तीन गोष्टी त्याने उलट विचारल्या. प्रश्न चांगले होते.

तो एकटाच परत गेला. विमानतळावर त्याने वाकून नमस्कार केला आणि मी ‘जपून’ म्हणालो. माझे तिकीट रद्द झाले होते. घरी येऊन मी लोकरी कोट पुन्हा पेटीत ठेवला. त्या आठवड्यात मी दूधवाल्यावर, वीजवाल्यावर आणि शेजारच्या बाईंवर विनाकारण ओरडलो. कारण होते, त्यांचे नव्हते.

हंगामात त्याचा फोन आला. मी सकाळचा चहा करत होतो. गॅस बंद केला.

‘‘काही मिळालं नाही, बाबा.’’

‘‘पाहिलंस?’’

‘‘पाहिलं.’’ आणि तो सांगू लागला, त्याच्या त्या मराठीत, अर्धी हिंदी, मध्येच इंग्रजी. आरोळी त्याने अंधारात ऐकली होती. ओढा ओलांडून तो खालून वर सरकत गेला. गार हवा डोंगरावरून खाली त्याच्याकडे येत होती, त्यामुळे त्याचा वास वर जात नव्हता. नर झाडीतून बाहेर आला. अजून पुरता टप्प्यात नव्हता. हा थांबला, दुर्बीण लावली आणि पाहत राहिला.

‘‘किती वेळ?’’

‘‘माहीत नाही. फार सुंदर होता, बाबा.’’

‘‘आणि ऊन आलं.’’

‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘ऊन आलं, उतार तापला, हवा उलटी वर जाऊ लागली आणि तुझा वास त्याच्या नाकात गेला. हे कळायला तिथे असावं लागत नाही. ऊन यायच्या आत सरकायचं होतंस. दुर्बिणीतून तोंड बघत बसायला ते काय लग्नाचं स्थळ होतं?’’

तो हसला. मी हसलो नाही. मी त्याला बरेच बोललो. इतका राग मला कुंपणाच्या दिवशीही आला नव्हता. ते जनावर हातातून गेले होते, आणि ते जायला हवे तसेच गेले होते, पळून. तो सगळे ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘‘तुम्ही असता तर, बाबा...’’

‘‘मी असतो तर तू त्या ओढ्यापर्यंत पोचलाच नसतास.’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘ओढ्याच्या कोणत्या काठाने चढलास?’’ मी विचारले.

‘‘डाव्या.’’

‘‘चूक,’’ मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून बसलो, आणि का ते सांगू लागलो.